पालथं पात्र

“मग निंबाच्या बुंध्यापर्यंत फरशी नको, असं का म्हणता, भंते?” शेवंताबाईनं विचारलं. “चिखलात पाय तर तुमचेच भरतात.”

“पाय धुता येतात,” भंते म्हणाले.

शेवंताबाईला ते काही पटलं नाही. आईला जाऊन आज वर्ष झालं होतं. तिच्या नावानं विहाराचं अख्खं अंगण पक्कं करायचा पण केला होता तिनं. फरशी निंबाला भिडत आली होती आणि मिस्त्री सिमेंट कालवून उभा होता.

“आईचं पुण्य अर्धवट ठेवू का? लोक शेण घालतील तोंडात.”



जेवणाची वेळ झाली. शेवंताबाई भाताचं पातेलं घेऊन पुढं झाली. भंतेंनी आपलं भिक्षापात्र उचललं आणि तिच्यासमोर पालथं घातलं.

भिक्खूनं पात्र पालथं घातलं म्हणजे दान नाकारलं, हे विहारातल्या बायांना शिकवायची तीच.

“माझ्या हातचं नको झालं का, भंते? आजच्या दिवशी?”

“नको कुठं म्हणालो? वाढ.”

“पालथ्यावर कसं वाढू? सगळं वाहून जाईल.”

भंतेंनी फरशीकडं पाहिलं. मग मान वर करून ढगांकडं.

“तेही हेच विचारतील.”

शेवंताबाईनं फरशीखाली जाऊ लागलेल्या निंबाच्या मुळांकडं पाहिलं.

विहाराला भिंती नव्हत्या तेव्हा छप्पर म्हणून हा निंबच होता. त्याच्याखाली आई तिला मांडीवर घेऊन वंदना म्हणायची. त्याचं एवढं मीठ खाल्लं, आणि आपण त्याच्याच तोंडावर सिमेंट थापायला निघालो.

“मिस्त्री, सावली पडते तिथवरच्या फरश्या काढ.”

“ओल्या आहेत म्हणून बरं,” मिस्त्री पुटपुटला. “वाळल्यावर घणच घ्यायला लावला असता बाईनं.”

भंतेंनी पात्र सरळ केलं. तिनं भरल्या डोळ्यांनी वाढलं.

जेवण झालं. पात्र धुतलेलं पाणी भंतेंनी तांब्यात काढून तिच्यापुढं ठेवलं.

“तुझी आई हे कुठं टाकायची?”

“निंबाला.”

ती अनवाणी चिखलात उतरली. एका हातानं बुंध्याला धरलं आणि घाईघाईनं तांब्या कलंडला.

“हळू घाल,” मागून भंते म्हणाले. “जेवतोय तो.”