मोहरगावची हाक

मोहरगावात कुठेही बांधकाम चालू दिसले, तर घटकाभर थांबून कान द्यावा. इतर गावांतला गवंडी परांचीवरून "माल आण!" म्हणून ओरडतो. इथला नाव घेतो. "सुंदराबाई, एक घमेलं येऊ द्या." पाहुण्यांना नवल वाटते. मग गावातले कोणी म्हातारे माणूस त्यांना पारावर बसवून धोंडिराम मिस्त्रीची हकिगत सांगते. सांगताना त्याचा आवाज हळवा होतो, कारण तसा माणूस गावाला पुन्हा मिळाला नाही.

धोंडिराम हाडाचा गवंडी. त्याच्या भिंतीला ओळंबा लावून बघावे लागत नसे, असे सांगतात. यात थोडे तिखटमीठ असणार, पण त्याने बांधलेली शाळा अजून एका तड्याशिवाय उभी आहे. ठेकेदार बारा-बारा तास राबवून घेऊ लागले, तेव्हा त्यानेच साऱ्या गवंड्यांना एकत्र केले. एकवीस दिवस गावात थापी वाजली नाही. त्या संपातून युनियन उभी राहिली आणि पुढच्या निवडणुकीत लोकांनी धोंडिरामला आमदार केले. विधानसभेत पहिल्या दिवशी तो म्हणे बसण्याआधी भिंतीच्या गिलाव्यावरून हात फिरवून आला.

तिथे त्याने तीन वर्षे एकच धोशा लावला. कामावर पडून जायबंदी झालेल्याच्या औषधपाण्याची आणि पोटाची सोय सरकारने करावी. अखेर कायदा झाला. ठेकेदार खोटी नावे घुसडतील हे तो ओळखून होता, म्हणून एक कलम त्याने हट्टाने घालून घेतले. मजुराची नोंद व्हायची, तर तो ज्याच्या हाताखाली राबला त्या मिस्त्रीने अधिकाऱ्यासमोर, कागद न बघता, त्याचे पूर्ण नाव सांगायचे.

नोंदणीसाठी एक अधिकारी महिनाभर मोहरगावात मुक्कामाला आला. पहिल्याच दिवशी एक बाई काठी टेकत आली. शाळेच्या परांचीवरून पडून तिचा खुबा मोडला होता. त्याआधी अकरा वर्षे तिने धोंडिरामच्या हाताशी माल पोचवला होता. तिला बघून त्याचा चेहरा खुलला. "हिचं पयलं लिवा साहेब," तो म्हणाला, "ही माझ्याकडंच..." आणि तो अडकला. वरून "माल!" म्हटले की घमेले येत असे. ते आणणारीचा चेहरा ओळखीचा होता, पण नाव त्याने कधी विचारले नव्हते.

अधिकारी भला माणूस. "आमदारसाहेब, मी जरा बाहेर चहा घेऊन येतो," असे म्हणून तो उठला. तो गेल्यावर धोंडिरामने खाली मान घालून तिला नाव विचारले.

"अकरा वर्सांत इचारलं न्हाई, मिस्त्री," बाई म्हणाली. "आता कागदाला पायजे म्हून इचारता व्हय?"

आणि ती काठी टेकत निघून गेली. धोंडिराम शरमेने काळाठिक्कर पडला. महिन्याच्या आत तिचे नाव सांगता आले नाही, तर त्याच्याच कलमाने ती कायमची उघड्यावर पडणार होती. नाव दुसऱ्या कोणाकडून कळायला असा कितीसा वेळ? पण ते चोरून आणल्यासारखे झाले असते.

दुसऱ्या दिवशी आमदार गावातल्या एका बांधकामावर हजर झाला, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि घमेले उचलले. त्याचेच शागीर्द सवयीने "माल!" म्हणून ओरडत आणि खाली बघून जीभ चावत. पाचव्या दिवशी त्याची मान धरली. बायका आधी तोंडाला पदर लावून हसल्या. मग त्यांनीच त्याला चुंबळ नीट बसवायला शिकवली आणि पाणी पिता पिता आपापली नावे सांगितली. प्रत्येकीचे नाव तो तिच्याच तोंडून घेई. ती बाई मात्र फिरकली नाही.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी तो अधिकाऱ्यासमोर उभा राहिला आणि आपल्या हाताखाली राबलेल्या बेचाळीस बायकांची पूर्ण नावे त्याने घडाघडा सांगितली.

"झाली सगळी?" अधिकाऱ्याने विचारले.

"एक ऱ्हायलंय. ते मला म्हाईत न्हाई."

बायकांनी तिला हाताला धरून दारापर्यंत आणले होते. चुंबळीने घासून विरळ झालेले त्याच्या डोक्यावरचे केस तिने निरखून बघितले.

"केवळाबाई सटवाजी जोंधळे," ती म्हणाली. "सांगा आता त्यास्नी."

विधानसभा गाजवणाऱ्या त्या माणसाचा आवाज तेवढे एक नाव घेताना कापला, असे सांगतात.

पुढे धोंडिराम दोनदा निवडून आला. युनियन तर त्याने मरेपर्यंत चालवली. त्याची भाषणे आता कोणाला आठवत नाहीत. पण आजही मोहरगावात एखादी बाई नव्याने कामावर आली, तर परांचीवरचा मिस्त्री हाक मारत नाही. हातातले काम तसेच ठेवून तो शिडीवरून खाली उतरतो आणि आधी तिला नाव विचारतो.