न चढणारा काटा

घाटातल्या रस्त्यांना कठडे नव्हते, तेव्हाची गोष्ट. गेनू ड्रायव्हरच्या जुन्या जीपमध्ये इंजिनाची गरमी दाखवणारा एक काटा होता. त्याची वायर सैल झाली होती. त्याने जरा अंग झटकलं असतं तर ती जागेवर टेकली असती, पण काटा तळाशीच पडून राही. कारण गेनू रोज सकाळी त्याला उदबत्ती ओवाळून कौतुकाने म्हणे, "आमचा काटा कधी वर चढत नाही!"

एकदा चढणीवर इंजिन कळवळलं, "अरे, जीव जातोय माझा! सांग ना गेनूला!"

"चढ संपला की निवशील," काटा पुटपुटला.

तेवढ्यात वाफेचा लोट उसळला आणि जीप बंद पडली.

मेकॅनिक अमीनचाचांनी इंजिन निवू दिलं, फुटका पाइप बदलला, पाणी भरलं. मग वायर घट्ट करत ते म्हणाले, "काटाच मुका होता रे. तुला कळणार कसं?"

"बिचारा!" गेनू हळहळला. दुसऱ्या दिवशी त्याने काट्याला जरा जास्तच वेळ ओवाळलं.

काट्याने चोरून इंजिनाकडे पाहिलं. इंजिनाने चार शिव्या हासडल्या असत्या, तर त्याला बरं वाटलं असतं. पण इंजिन मुकाट्याने चालू झालं.