सरळ रेघ

“बाई, पाठवू ना? दाबू बटण?”

अमोघ चौगुले धापा टाकत प्रयोगशाळेत शिरला. तीन जिने एका दमात चढून आला होता पठ्ठ्या! हातातल्या कागदावर आलेख होता, आणि आलेखात एक उंच, टोकदार शिखर.

हिर्लेकर बाईंनी चष्मा वर सरकवला. अमोघचं संशोधन त्यांच्याच हाताखाली चाललं होतं.

“कशाचं रे हे?”

“मधल्या रेणूचं, बाई! गाडीच्या धुरातला विषारी वायू प्लॅटिनमवर येतो आणि निर्विष होऊन जातो. पण मधे, त्या एका क्षणात, तो काय होतो? आपल्या प्लॅटिनमवर ते कुणी पाहिलं नव्हतं. मी पाहिलं!”

गडी उगाच नाचत नव्हता. तीन वर्षं तो सोन्याचे अतिसूक्ष्म कण बनवत होता आणि एकेका कणाला काचेसारखं पातळ कवच चढवत होता. हे कण प्लॅटिनमवर पसरून लेसर पाडला की असं सोनं जवळच्या रेणूची कुजबुज कितीतरी पटींनी मोठी करून ऐकवतं. कवच एवढ्याचसाठी, की रेणूने सोन्याला शिवू नये. ऐकू यावं ते प्लॅटिनमवरचंच. परदेशातली एक मंडळीही याच रेणूच्या मागे हात धुऊन लागली होती. आज लेख गेला नाही, तर पहिला मान त्यांचा.

“कवच अखंड आहे?”

“म्हणजे काय! माझ्या हातचं आहे.”

“या बॅचचं तपासलंस?”

“मागच्या बॅचचं तपासलं होतं. हात तोच, रसायनं तीच…”

बाईंनी कपाटातून पिरिडीन या रसायनाची बाटली काढून त्याच्यापुढे ठेवली. झाकण उघडायच्या आतच सडक्या मासळीसारखा वास सुटला.

अमोघचा चेहरा पडला. इथला रिवाज त्याला पाठ होता. पिरिडीनला उघडं सोनं सापडलं की ते जाऊन चिकटतं आणि पडद्यावर शिखर उभं राहतं. कवचाला एक भोक असलं तरी पितळ उघडं. मग त्याचा तो लाडका रेणूही प्लॅटिनमवर नाही, सोन्यावरच बसला होता की काय, कुणी सांगावं? तीन वर्षं मातीत! म्हणून या चाचणीत शिखर नको असतं. सरळ रेघ हवी असते.

“करतो,” तो म्हणाला. “पाच मिनिटांचं काम.”

काचपट्टीवर कण, कणांवर पिरिडीन. एक डोळा घड्याळावर, एक संगणकावर. खुर्ची ओढली, लेसर सुरू केला.

पडद्यावर रेघ उमटू लागली. सरळ… सरळ… अगदी टोकापर्यंत सरळ!

“बाई!” अमोघने खुर्चीतून उडीच मारली. “बघा! एक भोक नाही! म्हटलं नव्हतं, माझा हात आहे म्हणून?”

बाई उभ्याच होत्या. त्यांनी हळूच मूठ उघडली.

तळव्यावर त्याची काचपट्टी होती. अजून ओली.

अमोघने यंत्राच्या भिंगाखाली पाहिलं. तिथे होती सकाळची कोरी पट्टी.

…

अमोघच्या कानशिलापर्यंत लाली चढली.

मग त्याने बाईंच्या हातून पट्टी घेतली आणि स्वतः भिंगाखाली सरकवली. कण जागेवर आहेत ना, हे दोनदा पाहिलं. लेसर सुरू केला. पुन्हा रेघ सरळ आली! पण या वेळी उडी नाही मारली गड्याने. उठला, कवच न चढवलेले नुसते सोन्याचे कण दुसऱ्या पट्टीवर घेतले, तेच पिरिडीन टाकलं आणि तीही पट्टी भिंगाखाली ठेवली.

पडद्यावर शिखर असं ताडकन उभं राहिलं, की दोघंही मागे सरकली!

म्हणजे यंत्र जागं होतं. पिरिडीन खरं होतं. आणि अमोघची ती सरळ रेघ… तीही खरी. कवच अखंड होतं! मधला रेणू प्लॅटिनमवरचाच होता! आनंदाने त्याला काय करू नि काय नको झालं. वाकून बाईंच्या पाया पडला, डोळे भरून आले.

“बाई, लेख आता जाईल. पण तुम्ही वेळेवर पट्टी काढून घेतलीत, म्हणून मी शुद्धीवर आलो.”

“मी काढली?” बाई चष्मा पुसत म्हणाल्या. “अरे, तू ठेवलीच नव्हतीस.”