आवडाबाई, पुरे

फार वर्षांपूर्वी नदीकाठच्या एका वाडीत खायच्या भोपळ्यांपेक्षा वाजायचे भोपळे जास्त पिकत. तिथं आवडाबाई नावाची बाई तंबोरे करायची. वेलावरच वाळलेला कडू भोपळा ती कापायची, आतून खरवडायची, त्याला लाकडी दांडी जोडून तारा चढवायची. तिनं तार छेडली की पैलतीरावरची गुरं माना वर करत, असं म्हणतात.

वळून बघत नसे ती एकटी तिची लेक, रतन.

रतन तीन वर्षांची झाली तरी हाकेला ओ देईना. आवडाबाई स्वतःचेच दोष शोधत बसायची. पोटुशी असताना ग्रहणात सुरी धरली होती का? नव्हती. पण धरली असली तर? नक्की आठवत नव्हतं, म्हणून तोही दोष तिनं आपल्याच माथी घेतला.

एक साल मोठा पूर आला, मळे वाहून गेले. आधीचे तंबोरे केव्हाच गिऱ्हाइकांकडे गेले होते. अख्ख्या वाडीत एकच भोपळा उरला. आवडाबाईनं त्याचा तंबोरा केला नि तार छेडली, तेव्हा शेजारी खेळणाऱ्या रतननं भोपळ्याला गाल लावला. पोरीचे डोळे विस्फारले. ती खदखदून हसली. आवडाबाईनं तारेच्या सुरात सूर लावून भोपळ्याशी तोंड नेलं नि म्हटलं, "रतन!" पोरीनं भोपळ्यावर थापा मारल्या. पुन्हा! पुन्हा!

इथंच थांबायचं होतं. पण पोरीला नाव कळलं की नुसती गुणगुण, याचा आवडाबाईला घोर लागला. भोपळा आणखी पातळ केला तर नाव स्पष्ट पोचेल, असं तिच्या मनानं घेतलं. तिनं तारा उतरवल्या नि खरवडणी उचलली.

सासू म्हणाली, "अगं, पापड लाटतीस का तंबोरा करतीस? हसली की पोरगी!"

"थोडंच राहिलंय, आत्याबाई."

"तुझं थोडं मला ठाऊक आहे. पुरे म्हणते ना!"

आवडाबाईनं आणखी एकदाच हात फिरवला. भोपळा वरपासून खालपर्यंत तडकला.

रतननं तडकलेल्या भोपळ्याला गाल लावला. आईकडं बघितलं. मग दुसरा गाल लावून बघितला.

नवा भोपळा वेलावर वाळायला वर्ष लागतं. आवडाबाईनं बी लावलं, मांडव घातला. रतन रोज मांडवाखाली जाऊन लोंबणाऱ्या हिरव्या भोपळ्यांना गाल लावायची. ते वाळायच्या आत तापानं पोर गेली.

त्या दिवशी मांडवावरचे हिरवे भोपळे आपोआप गुणगुणत होते, असं म्हणतात. आवडाबाई एकेका भोपळ्याला तोंड लावून लेकीचं नाव घेत राहिली. तिला कुणी उठवलं नाही.

पुढं तिनं पुष्कळ तंबोरे केले, पण सगळे जाड सालीचे.

अजून त्या वाडीत तंबोरा करताना कुणाचा हात थांबेना झाला, की घरातलं कुणीतरी जवळ येतं नि म्हणतं, "आवडाबाई, पुरे." समोर मिशाळ म्हातारा कारागीर असला तरी त्याला आवडाबाईच म्हणतात. तो मुकाट हत्यार खाली ठेवतो. सुरात थोडं उणं राहतं. गिऱ्हाईक कुरकुरतं. ते उणं रतनचं, म्हणून कुणी भरून काढत नाही.