बरा असल्याचा दिवा

“आणि ह्या डब्याच्या दोन्ही तारा सारखंच सांगायला लागल्या तर?” भैरवगिरबाबांनी विचारलं.

सोपान हसला. मठात येण्याआधी तो यंत्रं जुळवायचा. ती ऐट अजून अंगात होती.

“तर हा डबा ढिम्म हलत नाही, बाबा. त्याला एकटी तार कळतच नाही, दोघींतला फरक तेवढा कळतो. वीज कडाडली की दोघी सारख्याच थरथरतात. मग फरक कुठला?”

वर कड्यातल्या गुहेत रामगिर मौनाला बसला होता. शिधा आतच होता. पूर्वी असं कुणी बसलं, की मठातलं माणूस रोज सांजेला गुहेखाली जाऊन हाक मारायचं, आणि आतला दगडावर दगड वाजवायचा. सोपाननं ते बंद केलं. गुहेपासून तारांची जोडी आणली. तिकडे खटका, इकडे डब्यावर दिवा. दिवा आहे तोवर रामगिर बरा. त्यानं खटका ओढला की दिवा विझणार, मग धावायचं.

“आधी फार लुकलुकायचा की रे हा.”

“नुसता वारा सुटला तरी! तुमचा जीव खालीवर व्हायचा. म्हणून मी त्याला हट्टी केलं. आता फरक चांगला उलटा झाल्याशिवाय तो शब्द फिरवत नाही. आणि उजेड बघा, भरपूर. मिणमिणणं नाहीच.”

दिवा खरंच स्थिर होता. सांज उतरत होती. पाखरंसुद्धा गप्प…

बाबा उठले. डब्यामागच्या दोन्ही तारा त्यांनी उपटल्या आणि सोपानच्या तळहातावर ठेवल्या.

दिवा तसाच.

“आता कोण सांगतंय?”

“…कुणीच नाही, बाबा. शेवटचं ऐकलेलं धरून बसलाय तो.”

“शेवटचं कधीचं?”

सोपान तारांच्या वाटेकडे वळला. त्यानं तारा हलकेच ओढल्या. त्या आल्या. गवतातून सरसरत, काही न अडता, दहा-बारा हात… आणि संपल्या. टोकं कुरतडलेली होती. तांब्यावर हिरवा गंज चढला होता.

“रामगिरदादाऽऽ!”

कड्याकडून काही वाजलं नाही.

वाटेला उजेड हवा म्हणून सोपाननं तो डबाच छातीशी धरला आणि धावत सुटला.

“ठेव तो खाली,” बाबा मागून म्हणाले. “दिवा लांबून बघून रामगिरलाही वाटेल, की तो अजून बराच आहे.”