बेसिनखालच्या कपाटाचे दार

एकदा एका व्यापाऱ्याने नवे घर बांधले. घर प्रशस्त होते, स्वयंपाकघरात उजेड भरपूर होता आणि पाहुण्यांनी तोंडभर कौतुक करावे असा जिना होता. सगळे पार पडले आणि गाडी अडली ती एका कपाटापाशी. मधल्या बोळात सर्वांच्या वापराचे बेसिन होते. त्याच्याखाली कोणते कपाट बसवावे, यावर घरात एकमत होईना. दुकानात या कपाटाला ‘व्हॅनिटी’ म्हणतात. वर दगडी ओटा, त्यात बेसिन, समोर आरसा आणि खाली खण व दारे, असा त्याचा थाट असतो. पूर्वी मोरीत एक कोनाडा असे, त्यात पाय घासायची वज्री आणि दंतमंजनाची डबी मावे आणि कुणाचे काही अडत नसे. असो. काळाबरोबर कोनाडे जातात आणि कपाटे येतात, त्याबद्दल आपली तक्रार नाही.

व्यापाऱ्याच्या पत्नीला सागवानी रंगाचे, पुष्कळ खणांचे कपाट हवे होते. मुलाला पांढरे, चकचकीत, आरशाभोवती दिवे असलेले आवडले होते. व्यापाऱ्याने दोन्ही नाकारली. त्याला दारे नकोत, खण नकोत, नुसत्या काचेच्या उघड्या फळ्या हव्या होत्या. बंद कपाटात ओल धरते आणि झुरळे होतात, असे तो सांगे. ते खोटे नव्हते, पण खरे कारण ते नव्हते.

खरे कारण त्याची सून होती. लग्न होऊन वर्षही झाले नव्हते. मुलगी कामसू होती, बोलायला गोड होती. मात्र रोज पहाटे घर जागे होण्यापूर्वी ती बेसिनपाशी जाई, बोळाचे दार आतून लावून घेई, आणि बराच वेळ पाण्याचा आवाज येत राही. बाहेर येताना पदराखाली एक लहानशी पिशवी असे. हसताना ती तोंडावर हात धरी. एकदा सासऱ्याने सहज विचारले, पिशवीत काय आहे, तर तिचा चेहरा उतरला आणि तिने साबण असे उत्तर दिले. साबणासाठी कुणाचा चेहरा उतरत नाही, एवढे कळण्याइतका व्यापार त्याने केला होता.

त्या दिवसापासून त्याच्या मनात पाल चुकचुकू लागली. माहेरच्यांनी एखादा आजार दडवला असेल का? की घरातले काही बाहेर जाते आहे? की कुणा परक्याने दिलेला फोन ती जवळ बाळगते? एका संशयाला दुसरा फुटला आणि दुसऱ्याला तिसरा. पत्नी त्याला टोचून म्हणाली की गोदामातले नोकर पोती पळवतात तिकडे लक्ष नाही, आणि पहारा कुठे, तर बेसिनवर. मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा. पण त्याने ऐकले नाही. त्याने मुलाला बजावले की येत्या आठवड्यात बायकोला माहेरी पोहोचवून ये, आणि खरे काय ते सांगेपर्यंत आणू नकोस. मुलाने मान डोलावली. तोही हळूहळू बायकोच्या हातांकडे पाहू लागला होता.

गावाबाहेर एका लहानशा आश्रमात एक वृद्ध गुरुजी राहत असत. लोक त्यांच्याकडे भांडणे घेऊन जात आणि बहुधा न भांडता परत येत. व्यापाऱ्याने त्यांना घर पाहायला, जेवायला आणि एक रात्र मुक्कामाला बोलावले. सोबत त्यांचा शिष्य आला. या शिष्याची नजर फार तीक्ष्ण होती, आणि त्याला तिचा अभिमानही होता. व्यापाऱ्याने बैठकीत दोघांना सगळी हकीकत सांगितली. शेवटी आवाज खाली आणून तो म्हणाला, “गुरुजी, इथं कुठंतरी पाणी मुरतंय. म्हणून मी उघड्या फळ्यांचं म्हणतोय. घरात झाकायला जागाच ठेवायची नाही. आपण सांगितलंत तर ही सगळी ऐकतील.”

गुरुजी म्हणाले, आधी जेवू.

पाने वाढली. शिष्याचे डोळे सुनेवर होते. तिने सर्वांना पोपडा आलेली खमंग भाकरी वाढली, मात्र गुरुजींनी पहिला घास घेतल्यावर त्यांच्या पानात वरचा पापुद्रा काढून आतला मऊ भाग ठेवला. शिष्याने मनाशी नोंद केली की ही पंक्तिप्रपंच करते. भाजी वाढताना तिने एकदाही मान वर केली नाही, तीही नोंद झाली. एकदा संशयाचा चष्मा डोळ्यांवर चढला की वाढणाऱ्याच्या पळीतही काळेबेरे दिसते, त्याला शिष्य तरी काय करणार.

बोलता बोलता व्यापारी सुनेला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, “आजकाल कुणाचा भरवसा द्यावा, गुरुजी? माणसांचे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे.”

सुनेच्या हातातली पळी तिथेच थांबली. तिचा चेहरा पांढराफटक पडला. डावा हात झटकन तोंडावर गेला, आणि भांडे तसेच ठेवून ती आत निघून गेली. व्यापाऱ्याने गुरुजींकडे अशा नजरेने पाहिले की आता आणखी पुरावा काय हवा. शिष्यालाही तसेच वाटले. गुरुजी मात्र पानातली भाकरी पाहत राहिले.

जेवण झाल्यावर सगळे हात धुवायला बोळात आले. कपाट ठरेपर्यंत बेसिनच्या बाजूला एक तात्पुरती उघडी फळी ठोकलेली होती. व्यापारी ती दाखवून सांगू लागला की अशाच फळ्या, फक्त काचेच्या. गुरुजींनी चूळ भरली. मग त्यांनी दोन बोटे तोंडात घातली, आणि सर्वांच्या देखत आधी वरची, मग खालची, अशी पूर्ण कवळी काढून त्या फळीवर ठेवली.

गुरुजींचे गाल आत गेले होते आणि हनुवटी नाकाजवळ आली होती. इतकी वर्षे सेवा करणाऱ्या शिष्याने हा चेहरा कधीच पाहिला नव्हता. गुरुजींचे दात खरे नाहीत, हेच त्याला ठाऊक नव्हते. व्यापाऱ्याच्या पत्नीने तोंड फिरवले.

“शेठजी,” गुरुजी बोलले, शब्द बोबडे येत होते, “फळी उघडी राहणार ना? मग हे इथंच राहू दे. मी सकाळपर्यंत आहे.”

व्यापारी चुळबुळला. त्याने सुचवले की इथे सगळ्यांची ये-जा असते, मुलेबाळे येतात, तर आपण हे आत कुठेतरी झाकून ठेवावे. गुरुजींनी विचारले की का बरे, मी काही चोरी केलेली नाही.

“चोरीचं कोण म्हणतंय, गुरुजी? पण प्रत्येक गोष्ट काही चारचौघांत मांडायची नसते.”

वाक्य तोंडातून गेले आणि मग ते त्याचे त्यालाच ऐकू आले. मुलगा वडिलांकडे पाहत होता. व्यापारी पडेल आवाजात म्हणाला की ठीक आहे, दाराचेच कपाट घ्या. गुरुजींनी मान डोलावली आणि सांगितले की एका खणाला कुलूप करून घ्या, किल्ली सूनबाईंकडे द्या. व्यापाऱ्याची मान पुन्हा ताठ झाली. तिच्याकडेच का, असे त्याने विचारले. गुरुजी म्हणाले की या घरात नवीन माणूस तीच आहे, बाकीच्यांची कपाटे आधीपासून आहेत. हे व्यापाऱ्याला पटले नाही. दार दिले तेवढे पुष्कळ झाले, आता किल्लीही दिली तर उद्या काय काय आत जाईल, असे तो पुटपुटला.

गुरुजींनी वाद घातला नाही. कवळी धुवायला त्यांनी ती हातात घेतली आणि नळ सोडला. तो गीझरचा होता. वाफाळते पाणी धो धो पडू लागले.

“गुरुजी, गरम नको.”

बोळाच्या टोकाशी सून उभी होती. ती लगबगीने पुढे आली आणि तिने नळ बंद केला. “गरम पाण्यानं वाकडी होते. मग नीट बसत नाही, हिरडीला लागते. कोमट घ्यावं.” दोन्ही नळ थोडे थोडे सोडून तिने मनगटावर पाणी अजमावले, कवळी त्यांच्या हातातून घेतली, तळहातावर धरली, आतली बाजू बोटाने चोळून धुतली आणि पाणी निथळवून त्यांच्या हाती दिली. रोजच्या सवयीने माणूस जसे काम करतो, तसे तिने ते केले. आणि मग आपण काय केले हे तिच्या ध्यानात आले.

सासूने हलकेच विचारले, “तुला गं हे कसं ठाऊक?”

आजोबांची कवळी धुवत असे, एवढे म्हणाली असती तरी भागले असते. घरातल्या सगळ्यांनी ते मान्यही केले असते. पण तिने गुरुजींच्या बोळक्या तोंडाकडे पाहिले.

“माझे पुढचे दोन दात खोटे आहेत, आई. शाळेत असताना झोपाळ्यावरून पडले होते. लग्नाच्या वेळी घरचे म्हणाले, नंतर सांगू. मग सांगायचं राहूनच गेलं. ते काढून धुवावे लागतात, म्हणून मी पहाटे उठते. आज मामंजी दातांचं बोलले, मला वाटलं त्यांना कळलं.”

व्यापाऱ्याला अतिशय लाज वाटली. त्याने आजार कल्पिला होता, चोरी कल्पिली होती, परका माणूसही कल्पिला होता, आणि पिशवीत होता एक ब्रश आणि दात ठेवायची डबी. सासूने तिला जवळ ओढले. “अगं, एवढंच होय? माझे काय सगळे केस काळे आहेत? आणि यांच्या मिशांचा रंग कुठं असतो ठाऊक आहे का तुला? देवघराच्या वरच्या फडताळात, पंचांगामागं.” मुलगा हसला, आणि डोळे पुसत सूनही हसली. या वेळी हात तोंडावर न्यायचे ती विसरली.

व्यापाऱ्याला क्षमा मागता येत नव्हती, त्या पिढीच्या पुष्कळ पुरुषांना येत नाही. तो खाकरला आणि म्हणाला, “सूनबाई, तुमचा खण किती उंचीवर असावा? म्हणजे वाकावं लागायला नको.” तिने हाताने उंची दाखवली. त्याने मुलाला ती भिंतीवर पेन्सिलीने खुणवून ठेवायला सांगितली. माहेरी पोहोचवण्याचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

सकाळी परतताना शिष्य मान खाली घालून चालत होता. अखेर त्याने कबूल केले की तिला आपणही चोर ठरवले होते, आणि विचारले की गुरुजींना हे आधीच कळले होते का.

गुरुजी म्हणाले, “दातांचं नाव निघालं आणि तिचा हात तोंडाकडे गेला, तेव्हा शंका आली. त्याआधी तिनं मला मऊ भाकरी वाढली होती. मी कसा चावतो हे तू इतकी वर्षं समोर बसून पाहिलं नाहीस, तिनं एका घासात पाहिलं. पण मी तिचं गुपित काढायला गेलो नव्हतो. कपाटाला दार मागायला गेलो होतो. गरम नळ चुकून सुटला. तिनं जे सांगितलं, ते तिचं तिनं सांगितलं.”

शिष्याच्या मनात आणखी एक सल होता. तो म्हणाला, “पण गुरुजी, आपण माझ्यापासूनही लपवलंत.”

“लपवलं नाही, बाळा, झाकलं. लपवणारा दुसऱ्याचं घेतलेलं लपवतो. झाकणारा आपलं उणं झाकतो. बाहेरून दोघांचं दार सारखंच दिसतं, म्हणून आपण घोटाळतो आणि दारच काढून टाकायला निघतो. दार काढल्यानं चोर सापडत नाही. ज्याला लाज आहे, तो तेवढा उघडा पडतो. काल तुमच्यासमोर दात काढले तेव्हा मलाही लाज वाटली. या वयातही वाटली. मग त्या पोरीला केवढी वाटत असेल? आणि मला सांग, तुला हे आधी कळलं असतं, तर तू माझी सेवा कमी केली असतीस का?”

शिष्य नाही म्हणाला.

“मग तुझं काय अडलं होतं?”

दोघे आश्रमात पोहोचले. आश्रमाच्या न्हाणीला दार नव्हते, एक जुने गोणपाट लोंबत असे, आणि पहाटे पाण्याची बादली घेऊन तो ते बाजूला सारून सरळ आत शिरत असे. त्या दिवशी त्याने दोन फळ्या मिळवल्या आणि दार केले. कडी आतून बसवली. संध्याकाळी गुरुजींनी ती लावून पाहिली, काढून पाहिली, आणि ते आत गेले. शिष्य बादली बाहेर ठेवून परत फिरला.

आपल्या घरात कुणी दार लावून घेतले, तर कानोसा घेण्याआधी एवढे आठवावे की दार लावायची मुभा जिथे मिळते, तिथेच माणूस ते कधीतरी आपण होऊन उघडतो.