आधी सशाचं दार

नदीकाठच्या एका जंगलात एक घूस राहत असे. राहत असे म्हणजे झोपण्यापुरती घरी येत असे; बाकी सारा वेळ ती दुसऱ्यांची घरं उकरत असे, कारण तिचा धंदाच तो होता. अरुंद बीळ रुंद करून देणं, आत आणखी एक खोली काढणं, ढासळलेली भिंत लिंपणं अशी कामं ती घेई. तिचा हात चांगला होता, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही मुलं तिला लगेच वाईट ठरवून मोकळी व्हाल. तिने लिंपलेली भिंत कधी ढासळली नाही, असं तिच्याशी भांडलेले प्राणीसुद्धा कबूल करत.

पण धंदा वाढवायचा म्हणून घुशीने एक युक्ती काढली होती. काम ठरलं की ती त्याच दिवशी दारात हजर. उंबऱ्यावर एक कवठ फोडी, सगळ्यांच्या हातावर थोडा थोडा गर ठेवी आणि तोंडातला गर संपायच्या आत त्या घराचं दार पाडून टाकी. दार पडलं की घूस गायब. पुढच्या गिऱ्हाइकाकडे कवठ फोडायला! "एकदा दार पाडलं की गिऱ्हाईक कुठं जातंय?" ती हाताखालच्या उंदरांना सांगे. "मोडकं घर घेऊन दुसऱ्याकडे थोडंच जाणार आहे?" उंदीर माना डोलावत. त्यांना कवठ आवडायचं.

अशातच सशाचं काम आलं. सशीण अवघडलेली होती आणि त्यांना बाळंतिणीसाठी आतली एक खोली हवी होती.

"घूसबाई, पिल्लं व्हायच्या आत होईल ना?" सशाने भीतभीत विचारलं.

"आत म्हणजे? पिल्लांना खेळायला ओटासुद्धा काढून देते," घूस म्हणाली. कवठ फुटलं, दार पडलं, खोलीच्या नावाने एक खड्डा झाला आणि घूस मुंगसाकडे गेली. मुंगसाचं दार पाडून ती कोल्ह्याकडे गेली. ससा अधूनमधून चौकशीला यायचा. एकदा घूस म्हणाली, "वारुळाची माती मिळत नाहीये." पुढच्या वेळी म्हणाली, "उंदीर लग्नाला गेलेत." उंदीर तिच्यामागेच बसून शेंगा खात होते. ससा ते बघून तसाच परत गेला, कारण ससा तो ससाच.

घुशीचं सारं लक्ष मात्र वाघाच्या गुहेकडे लागलं होतं. वाघाचं काम एकदा मिळालं की साऱ्या जंगलात आपलंच नाव होणार, या विचाराने तिला घास गोड लागत नव्हता.

मग थंडी पडली. बिनदाराच्या घरात वारा सुसाट शिरू लागला. सशीण कुडकुडायला लागली, तेव्हा मात्र सशाने कधी नव्हे ते धाडस केलं. गवताचं अंथरूण पाठीवर घेतलं, बायकोला पुढे घातलं आणि तो थेट घुशीच्या घरी आला.

"घूसबाई, या भागात धड दार असलेलं घर तेवढं तुमचंच उरलंय. आमचं होईपर्यंत आम्ही इथंच राहतो."

घूस काही बोलणार तोच मुंगूस आला. आल्या आल्या त्याने कोपऱ्यातली धूळ दाखवली आणि झाडू मागितला. पाठोपाठ कोल्हा, पाय पुसून, अगदी अदबीने. "माझंही दार तुम्हीच पाडलंत, बाई. आता मी कुठं जाऊ?" असं म्हणत त्याने शेकोटीजवळची उबदार जागा धरली आणि तिथून तो सशिणीकडे टक लावून बघत बसला.

घुशीचे स्वतःच्या घरात हाल कुत्रा खाईना. तिची कंदमुळं ससा खाई, तिची झोप मुंगूस झाडू मारून मोडी, आणि कोल्ह्यावर लक्ष ठेवता ठेवता तिची मान आखडून गेली. त्यातच सशिणीला पिल्लं झाली. झाली कुठे, तर घुशीच्याच बिछान्यात!

"किती गोजिरी!" कोल्हा ओठांवरून जीभ फिरवत म्हणाला. "जरा मांडीवर घेऊ का?"

कोल्ह्यापासून वाचायला सशाजवळ एकच गोष्ट होती, ती म्हणजे त्याचं दार. आणि ते आपण कवठ फोडून हसत हसत पाडलं. तिला स्वतःची फार लाज वाटली. त्या चिमुकल्या जिवांना काही झालं तर जंगलात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, हे तिला कळून चुकलं. तिने मुंगसाला पिल्लांजवळ बसवलं आणि सशाच्या घरी निघण्यासाठी टोपली उचलली.

नेमका तेव्हाच कावळा आला. "घूसबाई, नशीब काढलंत! वाघमहाराजांना गुहा दुरुस्त करायची आहे. आजच्या आज या आणि निदान तोडफोड तरी सुरू करा."

सवय वाईट, मुलांनो. घुशीच्या हातातली टोपली खाली गेली आणि कवठ वर आलं. पायही दाराकडे वळले.

"जा, बाई जा," कोल्हा गोड आवाजात म्हणाला. "एवढं मोठं काम आहे, मुंगूसभाऊंनाही बरोबर न्या. पिल्लांकडे मी बघतो."

घूस जागच्या जागी थबकली. तिने हातातलं कवठ उंदरांकडे टाकलं आणि कावळ्याला म्हणाली, "महाराजांना सांग, आधी सशाचं दार. मग मुंगसाचं, मग कोल्ह्याचं. ते झाल्यावर गुहा. तोवर गुहेला मी नखसुद्धा लावणार नाही."

कावळ्याची चोच उघडीच राहिली. "अगं, वाघाला थांबायला सांगतेस?"

"महाराजांना दार नसलं तरी चालतं. सशाला नाही चालत," घूस म्हणाली.

ती थेट कामाला लागली. उंदरांनी नदीवरून दगड आणले, तिने माती तुडवली, आतली खोली उकरली आणि सशाचं दार असं बसवलं की बघत राहावं. मग सशिणीला पिल्लांसह आत बसवून तिने कोल्ह्याला बोलावलं. "कोल्होबा, दार पक्कं झालंय का, जरा धक्का मारून बघता?" कोल्ह्याने इतक्या मनापासून धक्के मारले की त्याचा खांदा निखळायची वेळ आली, आणि आतून सशीण खुदकन हसली.

पुढे मुंगसाचं दार झालं. कोल्ह्याच्या घराचं लिंपण चालू असताना झाडी हलली आणि वाघ समोर उभा राहिला. उंदीर नाहीसे झाले. घूस हातात चिखल घेऊन तशीच उभी राहिली.

"मला थांब म्हणालीस ती तूच?"

"हो, महाराज," घूस कशीबशी म्हणाली.

"मागच्या वेळी अस्वल ताबडतोब आलं होतं," वाघ म्हणाला. "त्याच दिवशी गुहेचं छत फोडलं आणि दुसऱ्या दिवसापासून दिसलं नाही. मी त्याला अजून शोधतोय. तू तुझं काम सावकाश कर. मी थांबतो."

आणि वाघ कोल्ह्याच्या अंगणात पाय पसरून बसला. कोल्ह्याच्या घराचं काम इतक्या शांततेत कधी झालं नव्हतं.

तात्पर्य : नवीन कामाच्या हावेपोटी जो हातातली कामं अर्धी टाकतो, त्याच्या घरात एक दिवस सारी गिऱ्हाइकं मुक्कामाला येतात; आणि जो आधी दिलेला शब्द पुरा करतो, त्याच्यासाठी वाघसुद्धा थांबतो.